बी विंगच्या मागचा बिबट्या

मे महिना. शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न, 'वीकेंडला काय?' लोणावळ्याला जावं तर एक्स्प्रेस-वेवर घाटातच दोन तास जातात. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. मॉलमध्ये एसी फुकट असतो, पण तिथे जाऊन जाऊन तरी किती वेळा जाणार? मग अख्खा रविवार पंख्याखाली, हातात रिमोट आणि समोर कलिंगडाच्या फोडी!

आता एक सांगा. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत पंधरा मिनिटांवर सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, तिथे शेवटचे कधी गेला होतात? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. शाळेच्या पिकनिकला. मिनी ट्रेन, लायन सफारी आणि कान्हेरीच्या पायऱ्यांवर माकडाने पळवलेली वेफर्सची पुडी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची (जुनी मंडळी अजून 'नॅशनल पार्क'च म्हणतात) आपल्या डोक्यातली फाइल तिथेच बंद होते. कुणी गेलंच तर पावसाळ्यात जातं, धबधब्याखाली फोटो काढायला. उन्हाळ्यात जंगलात काय ठेवलंय? सगळं वाळलेलं, वर ऊन आणि घाम.

आम्हीसुद्धा हौसेने गेलो नव्हतो. आम्हाला पाठवण्यात आलं. बिबट्यामुळे.

फॉरेस्ट व्ह्यू

मी राहते ती सोसायटी पार्काच्या भिंतीला लागून आहे. फ्लॅट घेताना 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून स्क्वेअर फुटामागे जास्तीचे पैसे मोजलेत सगळ्यांनी. फॉरेस्टमधून कुणी आपलाही व्ह्यू घेईल, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नव्हतं. एप्रिलच्या शेवटी एका रात्री दोन चाळीसला बी विंगच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसला. कचऱ्याच्या पिंपांजवळून आला, एका पिंपाचा वास घेतला, भिंतीवर चढला, गायब. अकरा सेकंदांची क्लिप. सकाळी सहापर्यंत ती सोसायटीच्या ग्रुपवर होती आणि साडेसहापर्यंत पुण्यातल्या माझ्या मावशीकडून मलाच फॉरवर्ड होऊन आली!

मग काय, ग्रुपवर धुमाकूळ. कुणी म्हणे फटाके लावा, कुणी म्हणे भिंतीवर करंट सोडा. (हे लिहिणारे गृहस्थ एका मोठ्या बँकेत रिस्क मॅनेजमेंटला आहेत.) शेवटी एकमत झालं ते पिंजऱ्यावर. वनखात्याने पिंजरा लावावा, बिबट्याला पकडावं आणि लांब कुठेतरी नेऊन सोडावं. सेक्रेटरी काकांनी लेटरहेडवर अर्ज लिहिला, शंभरच्या वर सह्या घेतल्या आणि स्वतः देऊन आले. परत आले ते जरा बुचकळ्यात पडूनच. तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज ठेवून घेतला, चहा पाजला आणि म्हणाले, "एका रविवारी सकाळी तुमच्या लोकांना घेऊन या. आमचा गाइड दोन-तीन तास जंगलात फिरवेल. त्यानंतरही पिंजरा हवा असेल तर बोलू."

पार्काला लागून राहणाऱ्यांसाठी असे कार्यक्रम इथे काही वर्षांपासून चालतात. २०११ साली वनखात्याने वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि काही नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला, त्याचा भर यावरच होता. बिबट्याला शिकवता येत नाही, शेजाऱ्यांना येतं. पार्श्वभूमी साधी नव्हती. २००४ साली याच जंगलाच्या काठावर बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं गेली. जून महिना तर फार वाईट होता. तेव्हा पिंजरे भरपूर लागले होते.

सकाळी साडेसहा, बावीस माणसं

तर मेच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बावीस जण गेटवर जमलो. सेक्रेटरी काका, काकू, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी (यांची लेक दोन वर्षांची, त्यामुळे पिंजऱ्याच्या बाजूने सगळ्यात ठाम त्याच), आठवीतली दोन कार्टी, रिस्क मॅनेजमेंट आणि आमच्यासारखे नोकरदार सहा-सात. एकीने चक्क परफ्यूम मारला होता. गाइड दादाने तिला काही म्हटलं नाही, फक्त सगळ्यात मागे चालायला सांगितलं.

दादा पार्कातल्याच एका पाड्यावर वाढलेला. वारली. वय असेल पंचवीस-सव्वीस, म्हणजे आमच्यातल्या अर्ध्या जणांहून लहान, पण पहिल्या पाच मिनिटांत सगळे त्याला 'दादा' म्हणायला लागले. त्याने सूचना दोनच दिल्या. फोन सायलेंट, आणि पानांवर पाय टाकताना खाली बघा.

उन्हाळ्यातलं जंगल म्हणजे आधी आवाज. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. बावीस माणसं चालली की पंगत उठल्यासारखं वाटतं! दादा थांबला आणि म्हणाला, "आता उभे राहा. दोन मिनटं." उभे राहिलो. तांबटाचं टुक टुक सुरू होतं. लांब पावशा ओरडत होता, तोच तो, 'पेर्ते व्हा'वाला. आणि सगळ्यावर सिकाडा नावाच्या किड्याची करवत. दादा म्हणाला, पावसाळ्यात इथे सगळं हिरवं असतं, पण दहा फुटांवर सांबर उभं असलं तरी तुम्हाला दिसणार नाही. जंगल बघायचं तर आत्ता. पडदे काढून ठेवलेत.

खरंच काढून ठेवले होते. कांडोळाचं झाड पहिल्यांदा पाहिलं, पान एक नाही, आणि खोड असं गोरं की ट्यूबलाइट लावल्यासारखं. साल कागदासारखी सुटते. चांदण्या रात्री ते लांबून चमकतं, म्हणून इंग्रजीत त्याला भुताचं झाड म्हणतात. शेजारी ऐन, त्याची साल अगदी मगरीच्या पाठीसारखी, वणव्याची धग सोसायला. कुसुमाची लालभडक पालवी मार्चमध्येच येऊन गेली होती. ती बघायची तर पुढच्या वर्षी लवकर या, असं दादा आम्हाला असं सांगत होता जणू आमचं येणं ठरलेलंच आहे. बहावा मात्र फुल्ल फॉर्मात. आणि करवंदं! बाजारात द्रोणात मिळतात ती धुतलेली, शहाणी करवंदं वेगळी. जाळीतून तोडताना काट्याने हात ओरबाडतात आणि ओठांना चीक चिकटतो. सेक्रेटरी काकांनी एकट्याने तीसेक खाल्ली असतील. दादाने त्यांना थांबवलं, बाकीची पाखरांना राहू द्या म्हणून.

एका फांदीवर फुटबॉलएवढा तपकिरी गोळा लटकला होता. मुंग्यांचं घर. त्याला बाजूने एक गोल भोक. दादा म्हणाला, तांबूस सुतारपक्षी या मुंग्या खातो आणि पिल्लांच्या वेळी त्यांच्याच घरात भोक पाडून अंडी घालतो. मुंग्या आत असतानाच. "म्हणजे भाडेकरू मालकालाच खातो आणि वर जागाही सोडत नाही," काका म्हणाले. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरची केस सगळ्यांना माहीत असल्यामुळे बराच वेळ हशा चालला आणि जवळची माकडं पळाली.

चिखलातला ठसा

शिलोंड्याच्या बाजूला ओढा आहे. मे महिन्यात त्यात पाणी म्हणजे मधेमधे डबकी. महाराष्ट्रातल्या जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घ्यायची जुनी पद्धत आहे ती याचमुळे. पाणी कमी, चांदणं भरपूर, आणि प्यायला सगळ्यांनाच यावं लागतं. आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. डबक्याच्या काठचा चिखल म्हणजे सोसायटीचं व्हिजिटर रजिस्टर होतं. चितळाचे खूर, मुंगसाची बारीक पावलं, आणि मधेच एक गोल, स्वच्छ ठसा.

"कुत्रा!" आठवीतला एक.

"नीट बघ. नखं दिसतात?" दादा उकिडवा बसला. "कुत्र्याची नखं बाहेर असतात, ती चिखलात उमटतात. याने नखं आत घेतलीत. आणि ही मागची गादी बघ, खालच्या बाजूला तीन भाग पडलेत. मांजरासारखं. फक्त मांजर मोठं आहे."

सगळे एकदम गप्प. वहिनींनी विचारलं, "कधीचा असेल?"

"रात्रीचा, ताई. कडा अजून वाळल्या नाहीत."

ज्याला आम्ही अकरा सेकंदांच्या क्लिपमध्ये पाहिलं होतं तो हाच की दुसरा, कोण जाणे. पण कॅमेऱ्यात भुतासारखा वाटलेला प्राणी इथे चिखलात अगदी साधा होता. पाणी प्यायला आला, प्यायला, गेला. थोडं पुढे वाटेवरच त्याची वाळलेली विष्ठा पडली होती. दादाने काडीने उकलली. (परफ्यूमवाली दोन पावलं मागे गेली, पण बघत राहिली.) आत केस. काही बारीक तपकिरी, चितळाचे असावेत. काही आखूड, काळे.

"हे तुमच्याकडचे," दादा म्हणाला.

कुत्र्याचे. इथून पुढचा अर्धा तास मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात चांगलं प्रेझेंटेशन होतं, आणि त्यात एकही स्लाइड नव्हती. आमच्या बिल्डिंगचा कचरा संध्याकाळी पिंपात पडतो तो सकाळपर्यंत उघडा. त्यावर कुत्री येतात. कुत्र्यांवर बिबट्या येतो. तो तुमच्यासाठी येत नाही, तुमच्या पिंपासाठीही येत नाही, पिंपाच्या गिऱ्हाइकांसाठी येतो. २०१८ साली काही संशोधकांनी अंदाज मांडला होता की या जंगलातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे माणसांना होणारे साधारण हजार चावे टळतात. आता बोला!

आणि बिबटे आहेत तरी किती? २०१५ मध्ये कॅमेरा ट्रॅप लावून झालेल्या पाहणीत पार्क आणि आसपासच्या भागात ३५ दिसले, २०१८ मध्ये ४७, २०२४ मध्ये ५४. चारी बाजूंनी शहर असलेल्या जंगलात. म्हणजे त्यांना आपली सवय झालेली आहे. सवय आपल्याला व्हायची आहे.

रिस्क मॅनेजमेंटने मग मुद्द्याचा प्रश्न विचारला. "बरोबर आहे सगळं, पण याला उचलून लांब सोडला तर काय बिघडतं?"

यावर दादाने जुन्नरची गोष्ट सांगितली. २००१ पासून दोन-तीन वर्षं त्या भागातल्या उसातून बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. नंतर विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे सोडले त्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. हा पेपर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी जागी सोडलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला, घाबरलेला बिबट्या जास्त धोकादायक. शिवाय इकडची रिकामी झालेली जागा दुसरा कुणीतरी घेतोच, आणि त्या नव्याला तुमची बिल्डिंग माहीत नसते. 'आजोबा' सिनेमा पाहिला असेल तर आठवेल. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला तो बिबट्या कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता. तिथून तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत, वसईची खाडी पोहून याच पार्काच्या नागला भागात आला. दोन वर्षांनी मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीखाली मेला. इतक्या चालीत त्याने एकाही माणसाला हात लावला नव्हता.

वहिनींचं समाधान झालं नाही. मला त्यांचं पटतही होतं. २०२२ च्या दिवाळीत आरे कॉलनीत एका चिमुकलीचा बळी गेला, ही बातमी त्यांनी फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेली आहे. त्यांनी ती दादाला दाखवली. त्याने फोन हातात घेतला, पूर्ण वाचली आणि परत दिला. मग म्हणाला, "आमची पोरं रोज अंधारात शाळेतून येतात, ताई. आमच्या पाड्यावर भिंत पण नाय." पाड्यावरचे नियम त्याने सांगितले. अंधार पडल्यावर पोर एकटं बाहेर नाही. मोठी माणसं बरोबर, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून. उघड्यावर खाली बसायचं नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो. एक छोटं देऊळही दाखवलं, वाघोबाचं. दगडाला शेंदूर, समोर सुकलेली फुलं. त्याची आजी अजून दर वर्षी नारळ ठेवते. "घाबरतो आम्ही पण," तो म्हणाला, "पण तो इथलाच आहे ना."

परतताना तो सहज बोलल्यासारखं बोलला, "रात्री तुमच्याकडे खाली कोण असतं?"

"वॉचमन."

"ते नाय आले?"

नव्हते आले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पिंजऱ्याच्या अर्जावर शंभर सह्या होत्या आणि बिबट्याच्या वाटेवर रोज रात्री बसणारा माणूस त्यात नव्हता. दादाने पुढचा प्रश्न विचारला, "ते रात्री लघवीला कुठे जातात?" यावर सगळे करवंदाच्या जाळीकडे बघायला लागले. सोसायटीच्या खालच्या टॉयलेटला रात्री अकराला कुलूप लागतं. मामा बी विंगच्या मागे जातात, पिंपांच्या बाजूला, भिंतीलगत. जिथे दिवा नाही.

ठराव

पुढच्या रविवारची सोसायटीची मीटिंग तीन तास चालली. सगळं सांगत बसत नाही, ज्यांची स्वतःची सोसायटी आहे त्यांना कल्पना आहेच. जे जंगलात आले नव्हते त्यांना 'तुम्हाला दोन तासांत गुंडाळलं' असं वाटत होतं. शेवटी मतदान झालं आणि पिंजऱ्याचा अर्ज मागे घ्यायचं ठरलं, ३१ विरुद्ध १९. (तसंही बिबट्याला पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, सेक्रेटरींच्या सहीने पिंजरा येत नाही.) वहिनींनी विरोधात मत दिलं आणि तसं मिनिट्समध्ये लिहून घेतलं. मला त्यांचं कौतुक वाटलं.

झालं काय? झाकणाची पिंपं आली आणि ती मागून उचलून गेटजवळ आणली. कचरा आता सकाळी सातला घ्यायचा, रात्री खाली ठेवायचा नाही. मागच्या भिंतीला दिवे लागले, झाडी छाटली. टॉयलेटचं कुलूप गेलं. यातल्या दिव्यांच्या खर्चावरून जितका वाद झाला तितका बिबट्यावरून झाला नव्हता. कुत्र्यांना रात्री खाणं घालणाऱ्या दोघी-तिघी अजून ऐकत नाहीत. तो प्रश्न सुटलेला नाही, आणि माझ्या अंदाजाने लवकर सुटणारही नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी दुसरा वॉक ठेवला, मुद्दाम मामांच्या सुट्टीच्या दिवशी. मामा मूळचे खेडचे. इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाऊस अजून आला नव्हता, पण आभाळ भरलं होतं आणि नवरंग आले होते. हे पक्षी पावसाच्या तोंडावर इकडे येतात. पालापाचोळ्यात उड्या मारणारा नऊ रंगांचा चेंडूच, पण दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. सगळ्यात आधी ती मामांना ऐकू आली. ओढ्याजवळ दादा ठसे दाखवायला लागला तर मामा म्हणाले, "ही मादी हाय. वाईच लंगडते, उजव्या पुढच्या पायानं."

दादा बघतच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"सात येळा बघितलीय तिला. गेल्या पावसाळ्यात पिल्लू व्हतं बरोबर."

"मग मामा, तुम्ही बोलला का नाहीत कधी?" काकांचा आवाज चढला.

"बोललो असतो तर म्हणाला असता, वॉचमन रात्री पिऊन असतो."

त्यानंतर दादा आणि मामा पुढे चालत राहिले, बोलत, आणि आम्ही सगळे मागे.

तुम्हाला जायचं असेल तर पार्क सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. आतल्या जंगलवाटांवर परवानगी आणि गाइडशिवाय सोडत नाहीत. गेटमधून आत गेल्यावर निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. ठाणेकरांना येऊर जवळ पडेल. गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र १९९३ पासून आहे, तिथेही वॉक होतात. आणि वांद्रे-सायनच्या मंडळींना इतक्या लांब यायचा कंटाळा असेल तर धारावीला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. कचरा टाकायच्या जागेवर उभं केलेलं ३७ एकरांचं जंगल, बिबट्या नाही पण फुलपाखरं मुबलक. कपडे मातकट रंगाचे, पाणी माणशी दोन लिटर, परफ्यूम घरी. सोसायटीचा ग्रुप घेऊन जाणार असाल तर तारीख ठरवण्याआधी रात्रपाळीच्या वॉचमनची सुट्टी कधी असते ते विचारून घ्या.